ॲल्युमिनियमला दोष देऊ नका, आटे जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने आपली मोटारसायकल माझ्याकडे आणली. रोज सकाळी गाडीखाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडतो, अशी त्याची तक्रार होती. ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाशी जो बोल्ट असतो, तो फिरवून पाहिला तर घट्टही होईना आणि सुटेनाही. जागच्या जागी नुसता फिरत राहिला. पेचकसाने आधार देत तो बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये, म्हणजे बोल्टावरच्या मळसूत्री खाचांमध्ये, ॲल्युमिनियमचे एक चकचकीत, शेवयीएवढे जाड वेटोळे अडकलेले दिसले. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भागाच्या, भोकातले आटेच मुळासकट उपटून बोल्टाबरोबर आले होते. वर पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या आणि इपॉक्सीच्या लांबीचा थर होता. म्हणजे हे दुखणे कुणाच्या तरी आधीच लक्षात आले होते आणि ते झाकून गाडी परत दिली गेली होती. भाच्याने गॅरेजमध्ये विचारणा केली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले होते, ‘भाऊ, आजकाल ॲल्युमिनियमच कच्चं येतं. चेंबर बदलावा लागेल.’

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर शाखेचा शिल्पनिदेशक म्हणून ३० वर्षे मुलांच्या हातात टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) आणि पाने दिले आहेत, म्हणून हे उत्तर मला फार लागले. नागपुरातल्या हजारो दुचाकीस्वारांच्या खिशाशी या विषयाचा संबंध आहे, त्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ आहे, हे खरे. दोन धातू एकमेकांत घट्ट बसले की मऊ धातूचे आटे आधी जाणार, हेही उघड आहे. इंजिन बनवणाऱ्यांना ते ठाऊक असते, म्हणूनच ॲल्युमिनियममधल्या भोकात आट्यांची खोली बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवण्याची पद्धत आहे आणि प्रत्येक बोल्टासाठी किती जोर लावायचा, तेही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेले असते. लहान दुचाकींच्या ऑइलच्या बोल्टासाठी तो सामान्यतः २० ते ३० न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर मोजायचे एकक) असतो. २५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम साडेबारा किलोचा भार. तोच पाना पाइप घालून ६० सेंटिमीटरचा केला, तर त्याच हाताने ७५ न्यूटन-मीटर जोर पडतो, आणि हवेच्या दाबावर बोल्ट आवळणाऱ्या गनला तर कुठे थांबायचे हे मुळीच कळत नाही. बाजूच्या कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास बसतात. तिथे मनगटाचा जोरसुद्धा जास्त होतो.

मग बोल्ट इतका आवळला का जातो? माझ्या पाहण्यात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे जुना वायसर. ऑइलला आटे अडवत नाहीत. त्याला अडवतो बोल्टाच्या डोक्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर, जो पहिल्यांदा आवळताना दबतो आणि दोन्ही पृष्ठभागांना चिकटून बसतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा लावला की थेंब गळतो. थेंब गळला की मिस्त्री आणखी आवळतो. पुढच्या सर्व्हिसिंगला आणखी. अशा तीन-चार फेऱ्यांनंतर आटे जातात. म्हणजे ज्या वायसरची किंमत चहापेक्षा जास्त नसते, तो न बदलल्यामुळे चेंबरवर वेळ येते.

स्पार्क प्लगची गोष्ट थोडी निराळी आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम हेडमधून, म्हणजे प्लग बसतो त्या सिलिंडरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणातून, प्लग ओढून काढला तर आटे खरवडून येऊ शकतात. उन्हाळ्यात वर्धा रोडवरून तासभर चालवून आणलेली गाडी उन्हातच उभी करून लगेच प्लग काढायला घेणे, हे मी या शहरात कितीतरी वेळा पाहिले आहे. ऑइल कोमट असताना काढावे, ते नीट निथळते. प्लगला मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये. परत बसवताना आधी पाना नको, बोटे हवीत. प्लग किंवा बोल्ट प्रथम उलटा फिरवावा. आट्याचे तोंड जुळले की बोटांना ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवतो, आणि मग सुलटा फिरवला की तो लोण्यासारखा आत जातो. दोन-तीन फेरे बोटांनी गेले नाहीत, तर तो तिरका बसतो आहे असे समजून बाहेर काढावा.

आटे गेलेच, तरी चेंबर भंगारात द्यायचे कारण नसते. भाच्याच्या गाडीचे काम मी घरीच केले. जुने भोक ड्रिलने किंचित मोठे केले, तारेच्या गुंडाळीसाठी असलेल्या खास टॅपने त्यात नवे आटे पाडले आणि हेलिकॉइल या नावाने मिळणारी स्टेनलेस स्टीलची गुंडाळी आत बसवली. टॅपला रॉकेल लावावे, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे चालावे, धातूचा कीस वरचेवर पुसावा. घाई केली तर ॲल्युमिनियम टॅपला चिकटते आणि नवे आटेही फाटतात. गुंडाळी तोंडापासून पाव-अर्धा आटा आत उतरवून तिची खालची शेपटी, जिला धरून ती आत फिरवतात, मोडली आणि चिमट्याने बाहेर काढली. नंतर थोडे ताजे ऑइल ओतून तळ धुऊन घेतला, कारण आत राहिलेला एक कणही बेअरिंगला घातक असतो. आता पोलादी बोल्ट पोलादी आट्यांत फिरतो आणि ॲल्युमिनियमवरचा भार मोठ्या व्यासावर वाटला जातो, म्हणून ही दुरुस्ती बहुधा मूळ आट्यांहून मजबूत ठरते. विमानांच्या सुट्या भागांत अशा गुंडाळ्या नव्या असतानाच बसवतात.

प्लगच्या भोकाचे काम मात्र हेड उतरवूनच करावे, नाहीतर कीस आणि मोडलेली शेपटी थेट सिलिंडरमध्ये पडते. तिथे गुंडाळीपेक्षा भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली जाड धातूची नळी) मला अधिक भरवशाचा वाटतो. आर्गन वेल्डिंग हा शेवटचा उपाय. त्या उष्णतेने चेंबर वाकतो आणि धातू नरमतो. एक माप मोठा बोल्ट ठोकून बसवणे हा उपायच नव्हे, कारण त्यामुळे भोकाचा कठडा तडकतो आणि नंतर गुंडाळीलाही जागा उरत नाही.

आपल्या शहरात अमरावती रोडवर वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र आहे, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहे. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था ज्या गावात आहे, त्याच गावातल्या मिस्त्र्यांनी ‘ॲल्युमिनियम कच्चं येतं’ असे म्हणावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष त्या मुलांचा नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, कधी हातातच धरलेला नाही. या दोन्ही संस्थांनी मिळून गॅरेजमधल्या कारागिरांसाठी एका दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि गाडीमालकांनीही ऑइल बदलताना नवा वायसर आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. प्रात्यक्षिक ठरल्यास जुना चेंबर, टॅप आणि गुंडाळ्या घेऊन मी स्वतः येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नागपूर