विषय: ५० इंच म्हणून विकलेली साडेपंचेचाळीस इंचाची गोधडी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

नवशिक्यांसाठीच्या तुमच्या गोधडी संचाबद्दल आज चौथ्यांदा फोन केला आणि चौथ्यांदा ऐकून घेतलं की मला शिवता येत नाही. येत नाही म्हणूनच नवशिक्यांचा संच घेतला ना? तोही १,८५० रुपये मोजून.

हिशेब तुम्हाला ठाऊक असायला हवा, तरी मांडतो. खोक्यात ५ इंची १०० चौकोन. तुमचीच पुस्तिका सांगते, शिवण कडेपासून पाव इंच आत घ्या. म्हणजे प्रत्येक जोडात दोन्हीकडचा मिळून अर्धा इंच गेला. रांगेत १० तुकडे, ९ जोड, साडेचार इंच गायब. ५० चे उरले साडेपंचेचाळीस. आणि सोबतची काठाची चौकट, चारही कोपरे शिवून तयार, ती मात्र ५० ची! मी छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. साडेचार इंचाच्या फरकाला तिथे चूक म्हणत नाहीत, नग भंगारात टाकतात.

आजच्या फोनवरच्या मुलाने आधी विचारलं, "सर, शिवतंय कोण?" म्हटलं, मीच. तो जरा थबकला. मग म्हणाला, "मॅडम आहेत का घरी? त्यांना देता का फोन? त्यांना पटकन समजेल." आमच्या घरी शर्टाची बटणंसुद्धा मीच लावतो. हे त्याला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. (स्वयंपाकघरातून हसू आलं, ते त्यालाही ऐकू गेलं असणार.) मग पाच मिनिटं मला ताटकळत ठेवून, कुणाला तरी विचारून त्याने तोडगा आणला: "सर, चौकटीला चुण्या घाला."

गोधडी आहे हो ती, परकर नव्हे!

वर हेही ऐकवलं की शिवलेला माल परत घेत नाही. अहो, शिवल्याशिवाय ती आखूड भरते हे कळणार कसं?

खोक्यावर 'आजीच्या हातची ऊब' छापलंय आणि आत भरायला पॉलिस्टरचा थर. माझी आजी जुन्या लुगड्यांचे थर अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायची. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण तिची वाकळ कधी आखूड निघाली नाही. लाल तुकडा ओला केल्यावर शेजारचा पांढरा गुलाबी झाला, त्याचं वेगळं पत्र लिहीन.

पुन्हा सांगतो: ९ जोड, साडेचार इंच. ५० भरायला ११ रांगा लागतात, म्हणजे १२१ तुकडे. मला पैसे नकोत, उरलेले २१ तुकडे पाठवा. नातीचं बारसं पुढच्या रविवारी आहे. गुरुवारपर्यंत आले नाहीत तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार जाईल, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पुस्तिका आणि मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

नाइलाजाने आपला,
एक ग्राहक

ता. क. उत्तरादाखल फोन करणार असाल तर माझ्याशीच बोलावं. मॅडम फोन घेणार नाहीत.