मीटरखोली तळघरातून वर घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की सांगलीत पुराच्या पूर्वतयारीच्या बातम्या सुरू होतात. नालेसफाई कुठवर आली, बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कोयनेतून विसर्ग कधी, अलमट्टीची पातळी किती ठेवणार. हे सगळं हवंच. पण दुकानांच्या इमारतींची मीटरखोली या याद्यांमध्ये मला अजून एकदाही दिसली नाही. मी बाजारपेठेतल्या इमारतींची विजेची कामं करणारा परवानाधारक ठेकेदार आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडंच जाते.

आपल्याकडचं नेहमीचं कॉम्प्लेक्स डोळ्यांसमोर आणा. खाली तळघर, वर तीन मजले. तळघर नकाशावर पार्किंग, प्रत्यक्षात निम्मं गोदाम. उतारावरून खाली गेलं की उजव्या नाहीतर डाव्या भिंतीला लोखंडी जाळीत मीटर बोर्ड. शेजारी लिफ्टचं आणि पंपाचं स्टार्टर, बोअरचं पॅनल, जनरेटरचं चेंजओव्हर (लाइनची वीज घ्यायची की जनरेटरची, हे बदलणारा स्विच). हे सगळं तिथं का, तर तळमजल्याचा प्रत्येक फूट विकता येतो आणि तळघराच्या भिंतीला गिऱ्हाईक नसतं. एका इमारतीत तर जिन्याखाली मीटरसाठी मूळ नकाशात ठेवलेली जागा आज मोबाइल कव्हरचं दुकान आहे. चांगलं चालतं, असं ऐकतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैमध्ये 54 च्या पुढं. 2005 चं तर जुन्या लोकांना सांगायलाच नको. पण तळघर भरायला एवढं पाणी लागतच नाही. नदी रस्त्यावर यायच्या आधीच गटारं उलटी वाहू लागतात आणि पाणी चेंबरमधून आत शिरतं. व्यापारी शहाणा असतो, तो माल दोन दिवस आधी वरच्या मजल्यावर नेतो. दुकानातला डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, डोक्याच्या उंचीवर असतो, तोही वाचतो. बुडतो तो खालचा मीटर बोर्ड, जो सगळ्यांचा असतो आणि म्हणून कुणाचाच नसतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर, सीए, क्लासवाले, ज्यांच्या फरशीला पाण्याचा थेंब लागलेला नाही, तेही पूर ओसरल्यावर कितीतरी दिवस अंधारात बसतात.

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. खरा धोका नंतर सुरू होतो, आणि तो दिसत नाही.

2019 ला पूर ओसरला आणि 2 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. बाजाराला घाई, दुकानदाराला घाई, भाड्यानं बसलेल्याला त्याहून घाई. त्या दिवसांत बाजारात मी जे पाहिलं ते असं: पॅनल उघडायचं, पाइपनं धुवायचं, हॅलोजन लावून किंवा केस वाळवायच्या यंत्रानं सुकवायचं, सीआरसीचा (ओल हटवणारा) फवारा मारायचा आणि मेन वर करायचा. दिवे लागले की काम झालं. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, कुणी लावला? तो रोध एक मेगओहमच्या खाली आहे की वर, हे कुणी पाहिलं? एका कापड दुकानदाराला मी सांगितलं, मालक, हे सगळे एमसीबी बदलायला लागतील. ते म्हणाले, ‘‘चालतंय की, मग बदलायचं कशाला?’’

चालतंय, हे खरं. बुडालेला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, चालतो, पण वेळ आल्यावर पडेलच याची खात्री नसते. त्याच्या आत स्प्रिंग आणि पातळ पट्टीची यंत्रणा असते, तिच्यात कृष्णेचा बारीक गाळ जाऊन बसतो. बाहेरून पुसला की नवा दिसतो. ज्या दिवशी त्यानं पडायचं त्या दिवशी तो पडला नाही, तर कळणार कुणाला आणि कसं? आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळू लागली की पडणाऱ्या स्विचचं, तेच. निदान त्याला चाचणीचं बटण तरी असतं, पण ते दाबून बघणारा दुकानदार मला क्वचितच भेटला आहे. बुडालेली अशी साधनं सुकवून वापरायची नसतात, बदलायची असतात. ती बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात.

त्याहून वाईट गोष्ट केबलच्या टोकाला घडते. तारेच्या पेडांतून पाणी आवरणाखाली आत ओढलं जातं, बाहेरून केबल कोरडी ठणठणीत. काही महिन्यांनी लगवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) हिरवट-निळी बुरशीसारखी पूड धरते. ॲल्युमिनियमच्या केबलला पांढरी. तिथला रोध वाढतो, सांधा तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. या सगळ्यात करंट नेहमीचाच असतो, म्हणून चांगल्यातला चांगला एमसीबीसुद्धा गप्प राहतो. पावसाळ्यात, थंडीत निभावतं. मार्च-एप्रिलमध्ये वरचे सगळे एसी एकदम सुरू होतात आणि एका दुपारी मीटर बोर्डातून धूर येतो. दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात चार ओळी: ‘शॉर्टसर्किटमुळे आग’. संपादक महाराज, राग मानू नका, पण हे म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडल्याने’ लिहिण्यासारखं आहे. शॉर्टसर्किट शेवटी होतंच. ते का झालं, आधी तिथं किती पाणी साचलं होतं, सांधा शेवटचा आवळला कधी, हे आपल्या वार्ताहरानं विचारावं.

गेल्या उन्हाळ्यात एका बोर्डाचं झाकण काढलं तर न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) लिंकवरची काळी स्लीव्ह तपकिरी होऊन वाळल्या केळीच्या सालीसारखी कडक झाली होती. बसबारच्या (सगळ्या मीटरांना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) तळाशी गाळाचा बोटभर थर, 2019 चा की 2021 चा हे त्यालाच ठाऊक. ती लिंक सुटली असती तर आग न लागताही सगळ्या गाळ्यांचं नुकसान होतं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या ठिकाणी एखाद्या गाळ्यात साडेतीनशे-चारशेपर्यंत दाब जातो. संगणक, सीसीटीव्ही, डॉक्टरांचं सोनोग्राफी मशीन, सगळं मिनिटात जळतं. आणि हल्ली दुकानभर एलईडी आणि संगणकच असल्यामुळे न्यूट्रलवरचा भार पूर्वीपेक्षा वाढलाय, तो आपोआप हलका राहण्याचे दिवस गेले.

हे तपासायचं कुणी? मीटरपर्यंत महावितरण, मीटरच्या पुढं ग्राहक, ही हद्द ठरलेली आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, 2010 चे होते, 2023 ला नवे आले. त्यात पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण सांगलीतलं तळघर-अधिक-तीन कॉम्प्लेक्स बहुधा त्या उंचीच्या आतच राहतं. अग्निसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्याचा दाखला द्यायचा असतो, त्यात अग्निशमन साधनं चालू असल्याचं लिहिलेलं असतं. लगवरची हिरवी पूड त्यात कुठून येणार? बाकी सगळं शेवटी मालकावर येतं. आणि मालक कोण? बिल्डर गाळे विकून मोकळा, अपार्टमेंट कायद्याखालची घोषणा नुसती कागदावर, वर्गणी काढायला अध्यक्ष नाही. झाडूवाल्याचे पैसे जमेनात तिथं बसबारचे कोण जमवणार!

पूररेषेचा नियम बांधकामाला लागतो. लाल रेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराच्या पातळीच्या, वर जोतं घ्या, असं सांगतात. मग जोत्याच्या खाली मीटर बोर्ड कसा चालतो? महापालिकेनं भोगवटा प्रमाणपत्र देताना एवढंच पाहावं की मीटरखोलीची फरशी कुठल्या पातळीला आहे. नव्या इमारतींचा प्रश्न तिथंच मिटतो.

जुन्यांसाठी रस्ता आहे, फक्त कटकटीचा आहे. बसबार, कटआउट आणि मीटर पहिल्या मजल्याच्या चौकात न्यायचे. त्यासाठी प्रत्येक ग्राहकाची सही आणि महावितरणची परवानगी लागते, आणि एकजण हमखास अडून बसतो. बहुधा तो, ज्याचं दुकान त्या चौकाला लागून आहे. सगळं वर नेणं जमत नसेल तर निदान तळघराचे दिवे, पंप, लिफ्ट यांचा मेन वेगळा करा आणि तो तळमजल्यावर बसवा, म्हणजे पाणी चढू लागलं की तळघराची वीज वरूनच तोडता येईल आणि खाली कुणाला उतरावं लागणार नाही. गुडघाभर पाण्यात मेन ओढायला गेलेल्या माणसाबद्दल मी इथं लिहीत नाही, पण अशा गोष्टी बाजारात सगळ्यांना माहीत आहेत.

आणखी एक. पूर आला की महावितरण डीपी बंद करतं आणि लोकांना वाटतं, आता भीती नाही. दुकानातला इन्व्हर्टर चालू असतो. कुणीतरी गल्लीत जनरेटर लावून चेंजओव्हरशिवाय तार जोडतो, ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. गच्चीवरचं सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं हे खरं, पण ऊन असेपर्यंत पॅनलपासून खाली येणाऱ्या डीसी तारा जिवंतच असतात. या तारा तळघरातल्या इन्व्हर्टरपर्यंत नेलेल्या मी पाहिल्यात. सोलर बसवून घेताना इन्व्हर्टर गच्चीवरच्या खोलीत बसवायला सांगा, ठेकेदार तारेचा खर्च वाढतो म्हणेल तरी.

ज्यांना काम करून घ्यायचं आहे त्यांनी या पंधरवड्यात करावं. बुडालेली साधनं बदलणं, लग नवीन मारणं, मेगर आणि अर्थिंगचं माप कागदावर घेणं, एवढं तरी. कागदावर म्हणजे ठेकेदाराच्या परवाना क्रमांकासकट, सहीनिशी. जूनमध्ये सगळ्यांना एकदम आठवण होते आणि तेव्हा चांगला वायरमन हाताला लागत नाही.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार,
गावभाग, सांगली