इतिहासाचे प्रश्न आणि उत्तरानंतरची गोडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणारे सामान्यज्ञानाचे प्रश्न मी आवडीने सोडवते आणि त्यांतही इतिहासाचे प्रश्न सर्वांत आधी वाचते. मात्र त्यांची उत्तरे बहुधा एखाद्या नावात किंवा सनात छापली जातात आणि विषय तिथेच मिटतो, याची रुखरुख लागून राहते. आम्ही काही स्नेही गेली कित्येक वर्षे निव्वळ हौसेखातर एकमेकांना इतिहासाचे प्रश्न विचारत आलो आहोत, आणि आमचा अनुभव असा की या छंदाची खरी गोडी उत्तर मिळाल्यानंतरच सुरू होते. या छंदाविषयी थोडे लिहावे आणि त्यासाठी आपल्याकडे एक लहानशी विनंती करावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेत प्रश्न काढणारा एक असतो, उत्तरे देणारे अनेक असतात, घड्याळ चालू असते आणि गुण मोजले जातात. प्रश्नांच्या देवाणघेवाणीत यांपैकी काहीही नसते. आज विचारणारा उद्या उत्तर शोधत बसतो, आणि ज्याला समोरच्याला काही नवे द्यायचे आहे त्याला आधी स्वतः वाचावे लागते. आम्ही एक साधा संकेत पाळतो: ज्याने उत्तर दिले त्याने त्याच उत्तरातून निघणारा पुढचा प्रश्न विचारायचा. गाण्याच्या भेंड्यांत जसे शेवटचे अक्षर पुढच्या गटाकडे जाते, तसा इथे विषयाचा धागा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि बोलणे भरकटत नाही.

याचे एक उदाहरण देते. जलमार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी केली, या प्रश्नावर बहुतेक जण फर्डिनंड मॅगेलनचे नाव घेतात. परंतु १५१९ मध्ये पाच जहाजे आणि सुमारे २७० माणसे घेऊन स्पेनहून निघालेला मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समधील मॅक्टन बेटावरच्या लढाईत मारला गेला. सप्टेंबर १५२२ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज स्पेनला परतले, त्यावर अवघी १८ माणसे होती आणि त्यांचा नायक होता हुआन सेबास्तियन एल्कानो. इथे उत्तर संपायला हवे. पण जाणकार माणूस इथेच एन्रिकेचे नाव काढतो. पोर्तुगिजांनी १५११ मध्ये आजच्या मलेशियातील मलाक्का हे बंदर जिंकल्यानंतर मॅगेलनने तिथून आणलेला हा गुलाम. तो हिंदी महासागरातून पश्चिमेकडे युरोपात गेला, पुढे याच मोहिमेवर अटलांटिक आणि प्रशांत महासागर ओलांडून फिलिपाइन्सला पोहोचला, आणि तिथल्या लोकांना त्याची भाषा समजली. मॅगेलनच्या मृत्यूनंतर तो मोहिमेपासून वेगळा झाला आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद सापडत नाही. तो जर तिथून आपल्या मूळ मुलखात परतला असेल, तर पृथ्वीला पहिला पूर्ण वळसा एका गुलामाने घातला असे म्हणावे लागते. एका ओळीच्या प्रश्नातून एक सेनानी, एक खलाशी आणि एक गुलाम असे तिघे जण समोर येतात, आणि मोहीम कोणाच्या नावावर जमा होते याचा विचार ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होतो. एखाद्या कोष्टकात ‘मॅगेलन’ एवढेच उत्तर छापले, तर वाचकाच्या हाती यातले काहीच लागत नाही.

हाच धागा पुढे जातो. त्या प्रवासाची दैनंदिनी ठेवणाऱ्या अँतोनियो पिगाफेत्ताला परतीच्या वाटेवर केप व्हर्दे बेटांजवळ कळले, की आपल्या हिशेबाने बुधवार आहे, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा गुरुवार चालू आहे. त्याने एकही दिवस नोंदवायचा राहू दिला नव्हता. मग एक दिवस गेला कुठे? सतत पश्चिमेकडे जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस किंचित लांबतो आणि पूर्ण प्रदक्षिणेत मिळून एक दिवस कमी मोजला जातो, हे उत्तर शाळकरी मुलांनाही भूगोल आणि इतिहास एकत्र जोडून देते. त्यावर कोणीतरी विचारतो, की संपूर्ण देशाने दिवस गमावल्याचे उदाहरण आहे का. आहे. १५८२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या मोठ्या भागात ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, कारण जुन्या ज्युलियन कालगणनेतील साचलेली चूक काढून ग्रेगोरियन कालगणना स्वीकारण्यात आली. ब्रिटनने हा बदल १७५२ मध्ये केला, रशियाने १९१८ मध्ये. म्हणून रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा दिवस आजच्या गणनेने ७ नोव्हेंबर १९१७ हा येतो. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी निवर्तले, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते, आणि २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन मानण्यामागेही ही तारीख आहे. परंतु १६१६ मध्ये इंग्लंडची कालगणना जुनी होती आणि स्पेनची नवी. त्यामुळे तारीख एकच धरली तरी दोन मृत्यूंत १० दिवसांचे अंतर पडते. शिवाय सर्व्हांतेसचे निधन २२ एप्रिलला झाले आणि २३ ही त्याच्या दफनाची तारीख, असे आता मानले जाते.

या उदाहरणांवरून लक्षात येईल, की प्रश्न नीट मांडणे हे उत्तर देण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. ‘पहिला’ हा शब्द असलेल्या प्रश्नांत तर फारच सांभाळावे लागते. भारतातील पहिली रेल्वे कोणती, असे विचारले की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीचे उत्तर येते. पण ती पहिली प्रवासी गाडी होती. दगड वाहून नेण्यासाठी मद्रासजवळ रेड हिल्स इथे लोहमार्ग त्याआधीच, १८३७ मध्ये, वापरात आला होता. प्रश्नात ‘प्रवासी’ हा एक शब्द असला तर वाद उद्भवत नाही, आणि तो नसला तर अधिक वाचलेल्या माणसाचेच उत्तर चूक ठरवले जाते. तसे होताना पाहणे मला फार क्लेशदायक वाटते. महिलांना मताधिकार देणारा पहिला स्वशासित देश म्हणून १८९३ सालासह न्यूझीलंडचे नाव बरोबर आहे. पण तिथे महिलांना संसदेची निवडणूक लढवण्याचा हक्क १९१९ मध्ये मिळाला. विचारणाऱ्याला हा भेद ठाऊक असेल, तर त्याचा प्रश्न आपोआपच नेमका होतो.

नुसते सन विचारणारे प्रश्न मला कमी आवडतात. सनावळी पाठ असणे वाईट नाही, परंतु ‘अमुक घटना कोणत्या वर्षी घडली’ या प्रश्नाचे उत्तर एक तर येते किंवा येत नाही. त्यात विचार करायला वाव उरत नाही. तोच प्रश्न उलटा करून पाहावा. कॅलिफोर्नियात सोने सापडले. नऊच दिवसांनी मेक्सिकोने तो प्रदेश अमेरिकेला देणाऱ्या करारावर सह्या केल्या, तेव्हा त्या सोन्याची वार्ता सह्या करणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती. पॅरिसमध्ये उठाव होऊन राजा लुई फिलिप पळून गेला. अमेरिकेतील सेनेका फॉल्स इथे महिलांच्या हक्कांसाठी परिषद भरली. आणि पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. हे सारे एकाच वर्षी घडले, ते वर्ष कोणते? इथे ऐकणारा प्रत्येक घटनेभोवती फिरतो, एकाला फुल्यांची शाळा आठवते, दुसऱ्याला सोन्याची धावपळ, आणि दोघे मिळून १८४८ पर्यंत पोहोचतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ही माहिती वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेली असते; ती एका वर्षात शेजारी-शेजारी उभी करण्याचे काम असा प्रश्न सहजपणे करतो.

माणसाच्या व्यवसायातून आणि जगण्यातून येणारे प्रश्न तर मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण ते पुस्तकांच्या यादीत क्वचितच आढळतात. वैद्यकीय क्षेत्रातील एका स्नेह्यांनी विचारले होते, की देवीच्या रोगाने शेवटचा मृत्यू कोणत्या देशात झाला. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला हे काहींना माहीत असल्याने सर्वांनी सोमालिया म्हटले. तो रुग्ण मात्र बरा झाला होता. शेवटचा मृत्यू १९७८ मध्ये ब्रिटनमधील बर्मिंगहॅम शहरात झाला, आणि त्या संसर्गाचा संबंध तिथल्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या विषाणूशी जोडला गेला. रोगाचे निर्मूलन झाल्याची जागतिक घोषणा १९८० मध्ये झाली. अशा प्रश्नाचे उत्तर कोणी विसरत नाही. त्याचप्रमाणे, राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क भारतीय स्त्रियांना आधी मिळाला की स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना, या प्रश्नावर घटकाभर शांतता पसरते. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व प्रौढ स्त्रियांनी मतदान केले. स्वित्झर्लंडने हा हक्क १९७१ मध्ये दिला, आणि तिथल्या एका कँटनमध्ये, म्हणजे घटक राज्यात, स्थानिक मताधिकारासाठी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला.

असे प्रश्न म्हणजे सुटी, विस्कळीत माहिती असून त्यातून इतिहासाची समज येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. उत्तर सांगून लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळणाऱ्यांच्या बाबतीत तो मला मान्य आहे. म्हणूनच आमच्यात विचारणाऱ्याने उत्तरासोबत त्यामागचे कारण आणि माहितीचा आधार सांगायचा असतो. आधाराचा आग्रह धरला की ऐकीव गोष्टी आपोआप गळतात. नेपोलियन बुटका होता ही समजूत अशीच आहे. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवली गेली ती तत्कालीन फ्रेंच मापाने. आजच्या मापाने ती सुमारे १६८ सेंटीमीटर भरते, म्हणजे त्याच्या काळातील फ्रेंच पुरुषांत तो ठेंगणा मुळीच नव्हता. इंग्लंडमधील व्यंगचित्रांनी त्याला ठेंगणा केला आणि ते चित्र टिकले. भाकरी नसेल तर केक खा, असे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाल्याची कथा सांगितली जाते. परंतु तशा आशयाचे वाक्य विचारवंत रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका अनामिक राजकन्येच्या तोंडी घातले, तेव्हा मारी आंत्वानेत अजून फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती.

मोबाइलवर क्षणात उत्तर मिळत असताना विचारायचे कशाला, असेही म्हटले जाते. उत्तर शोधायला हरकत नाही. पण आधी काही वेळ अंदाज करावा, एकमेकांना सूचक खूण द्यावी, आणि शोधायचे ते पडताळण्यासाठी शोधावे. अंदाज करताना माणूस आपल्याजवळचे सारे ज्ञान ढवळून पाहतो, आणि त्या वेळी निघालेले बोलणे नुसत्या उत्तराहून पुष्कळ समृद्ध असते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. समोरच्याच्या जातीला, धर्माला किंवा देशाला हिणवण्यासाठी इतिहासाचा प्रश्न कधीही विचारू नये, आणि ज्या बाबतीत अभ्यासकांतच मतभेद आहेत तिथे कोणाच्या मते आणि कोणत्या पुराव्यावरून, हे प्रश्नातच नमूद करावे.

माझी विनंती अशी आहे, की आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा वाचकांनी वाचकांना विचारलेल्या इतिहासाच्या प्रश्नांसाठी थोडी जागा द्यावी. प्रश्न पाठवणाऱ्याने उत्तर, त्याचा आधार आणि दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण सोबत द्यावे. संपादकीय विभागाने ते तपासावे. आणि चूक कोणी दाखवून दिल्यास पुढच्या वेळी ती नावानिशी मान्य करावी. बक्षीस ठेवू नये, कारण बक्षीस आले की बरोबर उत्तरांची मोजणी सुरू होते आणि बोलणे थांबते. शाळकरी मुलांच्या प्रश्नांना आवर्जून स्थान द्यावे. हे सदर सुरू झाल्यास माझा पहिला प्रश्न पुढीलप्रमाणे असेल: १८०८ ते १८२१ या काळात युरोपातील एका राज्याचा कारभार युरोपबाहेरील शहरातून चालत होता, ते राज्य कोणते, ते शहर कोणते, आणि राजघराण्याला समुद्र ओलांडून तिथे का जावे लागले?

आपली नम्र,
एक वाचक