उन्हाळ्यातली विहीर आणि बाबांचं पोट

क्वांगचौ

ती. आई-बाबा यांस,
सा. न.

बाबा, भर उन्हाळ्यात चिनी माणसं गरम पाणी कशी पितात, हे तुम्ही विचारलंत. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

इथले वैद्य विहिरीचं उदाहरण देतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं. माणसाचंही तसंच, असं ते मानतात. उन्हाळ्यात अंगातली ऊब, म्हणजे त्यांचं 'यांग', कातडीकडे येते आणि घाम फुटतो, पण पोट आतून गारच राहतं. त्यात फ्रिजमधलं पाणी ओतलं की पोटाच्या चुलीतला उरलासुरला निखाराही विझतो. मग भूक मरते, पोट डब्ब होतं, शौचाला पातळ होते. 'हुआंगदी नेइजिंग' या त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वसंत-उन्हाळ्यात यांग जपायला सांगितलंय, ते यासाठीच. त्याच ग्रंथात उन्हाळ्याची दिनचर्याही आहे: रात्री जरा उशिरा झोपा, पहाटे लवकर उठा, उन्हाला कंटाळू नका, रागावू नका. हा ऋतू हृदयाचा, आणि रागाने त्याचा ताप वाढतो असं ते म्हणतात. (बाबा, बातम्या बंद ठेवल्यात तर बरं.)

'उन्हाला कंटाळू नका' म्हणजे अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाहेर पडा असं नव्हे. इथला उन्हाळा दमट असतो. चिनी पंचांगात तो 5 मेच्या सुमारास सुरू होतो, आणि खरा उकाडा जुलैच्या मध्यापासून 30 किंवा 40 दिवस टिकतो. त्याला 'सानफू' म्हणतात. उष्णतेबरोबर ओलावा शिरतो, म्हणून इथे कोहळ्याचं सूप, कारलं असे पदार्थ खातात. तुमच्याकडची कोरडी झळ वेगळी, तिथे आधी अंगातलं पाणी टिकवायचं. सानफूचे नियम जसेच्या तसे उचलू नका.

मूग मात्र दोन्हीकडे चालतात. आई, हे करून बघ. 100 ग्रॅम अख्खे हिरवे मूग घे. साल काढलेली पिवळी डाळ नको, कारण उष्णता उतरवणारा गुण ते सालातच मानतात. मूग धुऊन दीड लिटर उकळत्या पाण्यात टाक, झाकण ठेव, आणि पुन्हा उकळी आल्यावर 8 ते 10 मिनिटांनी पाणी गाळून घे. ते स्वच्छ पोपटी दिसायला हवं. लालसर झालं तर तीन कारणं असतात: बोअरचं जड पाणी, झाकण उघडं राहणं, किंवा जास्त वेळ उकळणं. सालातली द्रव्यं हवेशी संयोग पावून रंग बदलतात. लिंबाचे चार थेंब टाकले की रंग टिकतो. लोखंडी भांडं वापरू नकोस, पाणी काळपट होतं. उरलेले मूग आणखी अर्धा-पाऊण तास शिजवून खडीसाखर घालून खा, ते वेगळं गोड सूप. पोपटी पाणी दुपारी, कोमट, एक वाटी. रिकाम्या पोटी नको. आणि ज्या दिवशी पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी अजिबात नको.

कारण उष्णतेचे दोन प्रकार इथे नीट वेगळे मानतात आणि गफलत बहुतेक तिथेच होते. उन्हात फिरून आलेल्याला तहान, लाल चेहरा, भरपूर घाम, पिवळी लघवी: त्याला मूग, कलिंगड चालतं. (कलिंगडाला ते गमतीने 'निसर्गाचा पांढऱ्या वाघाचा काढा' म्हणतात, तो जुना ज्वरावरचा काढा आहे.) पण एसीत बसून बर्फाचं सरबत प्यायलेल्याला थंडी वाजते, अंग जड होतं, घाम येत नाही, मळमळ होते. याला ते 'यिन', म्हणजे गार स्वभावाचा, उष्मा म्हणतात. त्याला मुगाचं पाणी दिलं तर त्रास वाढतो, आल्याच्या दोन-तीन चकत्यांचा गरम काढा द्यावा. आलं सकाळीच, रात्री नको. तोंड आलं असेल किंवा मूळव्याध असेल तर ते वर्ज्य.

घाम हा हृदयाचा रस, म्हणून तो फार गेला की माणूस गळतो, असं इथलं मत. आंबट चवीने तो आवरतो असं मानतात, म्हणूनच धुरावलेल्या, आलुबुखाऱ्यासारख्या आंबट फळाचं सरबत (स्वानमेइथांग) पितात. तुमचं पन्हं त्याच घराण्यातलं. आपल्याकडे मात्र आयुर्वेदाच्या अष्टांगहृदय ग्रंथात ग्रीष्मात आंबट-खारट टाळायला सांगितलंय, तेव्हा दोन्ही शास्त्रं एकत्र कालवू नका. पन्हं प्या, पण बर्फ न टाकता.

दुपारची डुलकी 11 ते 1 या वेळात, 20-30 मिनिटं. पंखा थेट मानेवर नको. एसी 26-27 अंशांवर ठेवा आणि पोटावर पंचा असू द्या. इथे लहान मुलांना उकाड्यातही 'दुदोउ' बांधतात, छाती-पोट झाकणारं एक चौकोनी फडकं.

बाबा, हे सगळं परंपरेचं म्हणणं आहे, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना पर्याय नाही. या वयात तहान उशिरा कळते, म्हणून लागली नाही तरी तासाला अर्धा पेला पाणी घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची गोळी घेऊन कारल्याचा रस पिऊ नका, साखर फार उतरते. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चक्कर: तेव्हा मूग-आलं काही नाही, अंगावर पाणी मारत थेट दवाखाना.

तुमची,
लेक

ता. क. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या 'चिनी' काढ्यात ज्येष्ठमध आहे का ते बघ. रोज घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. बाबांना तो देऊ नकोस. आणि इथून कोणी हुओश्यांग झंगछी हे उन्हाळ्यात पोट बिघडल्यावर घ्यायचं पातळ औषध आणलं तर बाटली वाच, त्याच्या एका प्रकारात 40 ते 50 टक्के मद्यार्क असतो.