वयाला दोष देण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातील आमच्या घरी सोमवारी पहाटे चहाबरोबर अमेरिकन फुटबॉलचा सामना लागतो आणि एखादा जुनाजाणता क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) नव्या आक्रमणपद्धतीत चाचपडू लागला, की माझे पुतणे पहिल्या सत्रातच त्याला निवृत्त करून मोकळे होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.

क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचेच पाहा. २०१५ साली त्याच्या डेन्व्हर संघाकडे गॅरी कुबियाक प्रशिक्षक म्हणून आले. तोवर मॅनिंग सेंटरपासून, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू करणाऱ्या खेळाडूपासून, काही पावले मागे उभा राहून, समोरची बचावफळी न्याहाळून ऐनवेळी चाल बदलत असे. कुबियाक यांच्या पद्धतीत मात्र सेंटरला खेटून चेंडू घ्यायचा, धावपटूकडे देण्याची हूल द्यायची आणि बाजूला पळत फेक करायची, आणि हे मानेवर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, ३९ वर्षांच्या माणसाने! १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याच्या २० पैकी केवळ ५ फेकी साधल्या, ४ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि त्याला बाहेर बसवण्यात आले. पायाच्या दुखापतीने तो बेजार होता, हे टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही.

जानेवारीत तो परतला आणि ७ फेब्रुवारी २०१६ रोजी डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० असे हरवून सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला. तो विजय मुख्यतः बचावफळीचा होता, हे मला मान्य आहे; तरीही मॅनिंगला नोव्हेंबरातच कायमचे मोडीत काढले असते, तर ते योग्य ठरले असते का, याचे उत्तर माझ्या पुतण्यांनी अद्याप दिलेले नाही.

आपला,
एक वाचक, वडोदरा