थर्मोकोलचा गोळा कशाला, रद्दी आहे की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या घरसजावटीच्या टिप्स मी न चुकता वाचते, पण मागे ते कुंडीतलं गोल गोल शोभेचं झाड, टोपिअरी का काय म्हणतात ते, करायला सांगितलं होतं त्यात पहिलीच ओळ काय तर थर्मोकोलचा मोठा गोळा घ्या. अहो कुठून घ्या? २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, आमच्याकडे गणपतीची मखरंसुद्धा पुठ्ठ्याची झाली. वर ग्लू गन घ्या, प्लास्टिकची पानं घ्या. एवढं विकत घ्यायचं तर रेडिमेडच आणलेलं काय वाईट?

गोळ्याला तुमचाच पेपर पुरतो हो. आठ-दहा पानं एकावर एक घट्ट चुरगाळायची आणि मिठाईच्या बॉक्सची सुतळी सगळ्या बाजूंनी आवळून गुंडाळायची, मग पेपरच्याच पट्ट्या खळीत बुडवून वरून दोन-तीन थर द्यायचे आणि पंख्याखाली दोन दिवस सुकवायचं, दगडासारखा होतो. खळ मैद्याची, चांगली शिजवलेली. पावसाळ्यात मात्र हे करू नका, सुकतच नाही आणि बुरशी धरते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात म्हणून कीड लागत नाही, पण ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर नकोच, त्यापेक्षा सरळ दिवाळीच्या सुट्टीत करा.

खोडाला मी फांदी वापरते. पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं झाडं छाटतात तेव्हा फुटपाथवर ढीग पडलेला असतो, त्यातली अंगठ्याएवढी जाड, जराशी वाकडी बघून उचलायची, झाडूच्या दांड्यापेक्षा खरी दिसते.

आता मुख्य गोष्ट म्हणजे बूड, जी तुमच्या लेखात एका ओळीत उरकली होती. माझं पहिलं झाड मी पावडरच्या रिकाम्या डब्यात नुसते पेपर कोंबून उभं केलं, गॅलरीतून वारा आला आणि ते थेट सासूबाईंच्या चहात. मग चार दिवस डब्यात वरवंटा ठेवून चालवलं, वाटण करायची वेळ आली की झाड आडवं! वरचा गोळा जेवढा जड त्याच्या दुपटीने तरी खालचं वजन हवं असा माझा अंदाज आहे. खाली लादीचे तुकडे, वर रेती ठासून भरायची, कुठे काम चालू असेल तिथे विचारून मूठभर सिमेंट मिळालं तर कालवून ओतायचं आणि फांदी सरळ धरून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवायची.

वरून काय लावायचं ते तुमच्या घरात काय निघतं त्यावर. जुन्या हिरव्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्यांचे चौकोन कापून, मधे चिमटीत धरून, टोकाला खळ लावून विणायच्या सुईने गोळ्यावर दाबून चिकटवायचे, लांबून खरं झुडूपच वाटतं. नारळाच्या शेंड्या पिंजून लावल्या तरी छान. मला सगळ्यात आवडतात ती पिस्त्याची टरफलं, फेविकॉलने खालून वर, कौलं शाकारतात तशी. पण पिस्ते खारे असतात, टरफलं दोनदा धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय लावू नका, मिठाला मुंबईची हवा लागली की सगळं चिकट होतं, माझं एक आख्खं झाड असंच गेलं.

खरी टोपिअरी म्हणजे आपल्या हँगिंग गार्डनमधली, झुडपं छाटून केलेले हत्ती वगैरे. लहानपणी वडील ते दाखवायला न्यायचे आणि आमचा डोळा समोरच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटावर, म्हणजे त्या बुटाच्या आकाराच्या घरावर. चाळीच्या खोलीत हत्ती कुठे मावणार, फ्रिजवर एक गोल झाड मावतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कालचा पेपर घ्या’ असं छापा. फक्त शब्दकोडं सोडवून झालेलं असू दे, नाहीतर आमच्या घरी भांडण.

आपली,
एक वाचक, परळ