पिशवी काढलेल्या बायकांच्या हार्मोन उपचाराबद्दल : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हे पत्र रजोनिवृत्तीनंतर द्यायच्या हार्मोन उपचारांबद्दल आहे, आणि त्यातही अशा बायकांबद्दल, ज्यांची रजोनिवृत्ती वयाने आलेली नाही, ऑपरेशन टेबलवर आली आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या औषधांच्या पाकिटावरचे, काळ्या चौकटीतले जुने इशारे काढायचं जाहीर केलं. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ते इशारे होते. तेव्हापासून ओपीडीत शिकलेल्या बायका मोबाइल पुढे करून विचारतात, ‘मॅडम, आता सेफ झालं ना हे?’ त्याआधीची वीसेक वर्षं प्रश्न उलटा होता, ‘याने कॅन्सर होतो ना?’ दोन्ही प्रश्नांना हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणारा डॉक्टर बाईचं नुकसान करतो. बाई कोण आहे, वय किती, गर्भाशय आहे की काढलं, रक्तदाब किती, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे विचारल्याशिवाय या औषधाचा फायदा जास्त की धोका जास्त, हे सांगताच येत नाही.

भीती कुठून आली ते आधी सांगते, कारण आपल्या खात्यातले बरेच डॉक्टर आजही त्याच भीतीवर निर्णय घेतात. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. तिच्या एका भागात गर्भाशय शाबूत असलेल्या 16,608 बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर अंगात कमी पडणारं हार्मोन) आणि प्रोजेस्टिन (गर्भाशयाच्या अस्तराला जपणारं हार्मोन) यांची एकत्रित गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. जुलै 2002 मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं, हे सगळंच वाढलेलं दिसलं. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच कडक होत चाललेल्या बायकांवर मिळालेलं उत्तर पन्नाशीच्या बाईला लावलं गेलं, आणि आपल्याकडे तर पस्तिशीच्या बाईलाही.

वाढ किती होती, तेही बघा. दर 10 हजार बायकांमागे वर्षाला 8 जास्त स्तनाचे कर्करोग, 7 जास्त हृदयविकार, 8 जास्त पक्षाघात, 8 जास्त फुप्फुसातल्या गुठळ्या. दुसऱ्या बाजूला खुब्याची हाडं मोडण्याचे प्रकार 5 ने कमी आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग 6 ने कमी. पुढे 2017 मध्ये अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात एकूण मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. म्हणून धोका खोटा होता असं मी म्हणत नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार पन्नाशीत एकत्रित गोळी सुरू करून पाच वर्षं रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत सुमारे 50 बायकांमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कर्करोग होतो. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर हे प्रमाण 200 मागे एक असं येतं. हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडे हा कर्करोग मुळात कमी आहे, पण सापडतो फार उशिरा. त्यामुळे मला त्याची धास्ती वाटते आणि ती मी लपवत नाही.

वयानुसार पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत आज जगभरातल्या तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, अंगातून वाफा, रात्रीचा घाम, झोपेचं खोबरं अशा तक्रारींनी जगणं मुश्कील झालेलं असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही नसेल, तर फायद्याचं पारडं जड असतं. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनला प्रोजेस्टिनची जोड द्यावीच लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो. तो इशारा एफडीएनेही काढलेला नाही. गुठळीची भीती असेल तिथे गोळीपेक्षा कातडीवर लावायचं जेल बरं. नुसत्या योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी तिथेच लावायचं कमी मात्रेचं क्रीम पुरतं, त्यातलं रक्तात फारसं काही जात नाही. तक्रार नसलेल्या बाईला तरुण दिसण्यासाठी किंवा हृदय चांगलं राहावं म्हणून हार्मोन देणं मला मान्य नाही. शहरांतल्या चकचकीत क्लिनिकांमधून ते तसं विकलं जाईल, अशी मला आता काळजी वाटते.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यातल्या अनेक तरुण होत्या. नंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. हे सगळं पुढच्या शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी होतं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या बायकांची पिशवी आधीच काढली गेली, त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

त्या आमच्याकडे येतात. मागच्या उन्हाळ्यात, कारखाने बंद होऊन कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, गावी परतल्यावर, एक जण आली होती. वय चौतीस. दोन मुलं, लहान वयात लग्न, दहा वर्षं फडात मोळ्या उचललेल्या. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, आणि कुणीतरी सांगितलं, ‘पोरं झाली, आता पिशवीचं काय काम, ठेवली तर कॅन्सर होईल.’ मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन झालं. तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं होती, ‘टीएएच’. पोटावाटे गर्भाशय काढलं, एवढाच त्याचा अर्थ. इस्ट्रोजेन तयार करणारे अंडाशय ठेवले की काढले, हे कार्डावर कुठेही नव्हतं आणि तिलाही माहीत नव्हतं. ‘मॅडम, अंगातून नुसत्या वाफा निघत्यात. रातीला झोप न्हाई. हाडं अशी दुखत्यात की मोळी डोक्यावर घेताना मान मोडंल असं वाटतं. लोक म्हणत्यात, आंगात आलंय.’ ऑपरेशनला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत तिला कॅल्शियम, सलाईन आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय दिसले नाहीत, आणि एफएसएचच्या (अंडाशयाचं काम थांबलं की रक्तात वाढणाऱ्या हार्मोनच्या) साध्या रक्ततपासणीने बाकीचं सांगितलं. तिसाव्या वर्षी तिची रजोनिवृत्ती झाली होती.

मंत्री महोदय, अशा बाईच्या बाबतीत हार्मोनचा हिशेब पन्नाशीच्या बाईसारखा राहत नाही. तिच्या वयाच्या इतर बायकांच्या अंगात जे इस्ट्रोजेन आपोआप तयार होतं, तेवढंच आपण तिला परत देत असतो. ते न दिल्यास हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकार ओढवण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दीर्घ पाठपुराव्यात, पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू जास्त दिसले. म्हणून पाळी निसर्गाने गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. काही मनाई नसेल तर इथे न देणं हाच मोठा धोका आहे.

शिवाय तिला गर्भाशय नाही, म्हणून प्रोजेस्टिनची गरज नाही. 2002 साली जी भीती पसरली ती एकत्रित गोळीची होती. त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या 10,739 बायकांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. हा भाग 2004 मध्ये थांबवला, तो पक्षाघात वाढल्यामुळे. स्तनाचा कर्करोग त्यात वाढला नाही, आणि 2020 मध्ये आलेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात तर तो कमी आढळला. म्हणजे ज्या भीतीपोटी आमच्या भागात या बायकांना हार्मोन लिहून दिलं जात नाही, त्या भीतीला त्यांच्या बाबतीत आधार सर्वांत कमी आहे.

पक्षाघाताचं मात्र मी हलक्यात घेत नाही. आमच्या बायका मिसरी लावतात, तंबाखू खातात, कितीतरी जणींचा रक्तदाब कधी मोजलेलाच नसतो. त्यामुळे रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी आणि आधी कधी पायात गुठळी झाली होती का, हा प्रश्न, एवढं झाल्याशिवाय औषध सुरू करू नये आणि वर्षाला एकदा तरी पुन्हा बघावं. शिवाय ऊसतोडीची बाई सहा महिने कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहते. तिथल्या आरोग्य केंद्रात तिचा कागद कुणी वाचणार नसेल, तर मी इथे लिहून दिलेली चिठ्ठी तिच्यासाठी उपचार ठरत नाही. बायकांना औषध द्यायला मी कचरते ते याच कारणाने, आणि हे कारण दूर करणं आपल्या हातात आहे.

शस्त्रक्रिया सरकारी असो की खासगी, डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवले की काढले हे मराठीत, ठळक, सही-शिक्क्यासह लिहिणं सक्तीचं करा. ते न लिहिणाऱ्या रुग्णालयाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळू नयेत. या एका ओळीसाठी तिजोरीतून पैसा लागत नाही. पुढच्या डॉक्टरला मात्र अंधारात चाचपडावं लागणार नाही, आणि अंडाशय विनाकारण काढणाऱ्यालाही ते लिहिताना हात आखडता घ्यावा लागेल.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं त्यांना शोधायला वेगळं सर्वेक्षण नको. तिशीपुढच्या सगळ्यांचा, आजारांची जोखीम तपासणारा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघर भरतातच. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो का, हा प्रश्न त्यात आहे. त्याच्याच शेजारी गर्भाशय काढलं आहे का आणि कोणत्या वर्षी, एवढं जोडा. चाळिशीच्या आत काढलेलं असेल तर तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात एफएसएचसाठी पाठवावं. आशाताईंना या जादा कामाचा मोबदलाही द्यावा, नाहीतर रकाना कोराच राहील.

औषध स्वस्तात आणि सतत मिळायला हवं. इस्ट्राडिओलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच, गोळ्या महागड्या नाहीत, पण आमच्या तालुक्यातल्या औषध दुकानांत त्या मागवाव्या लागतात आणि सरकारी औषधखिडकीवर तर मी त्या पाहिलेल्या नाहीत. गोळ्या आणि जेल राज्याच्या औषध खरेदीत घ्या. रजोनिवृत्तीसाठी वेगळी ओपीडी जिथे सुरू आहे किंवा होईल, तिथे समुपदेशनाच्या खोलीइतकंच लक्ष या साठ्याकडे द्या. तरुण बाईला पन्नाशीच्या बाईपेक्षा जास्त मात्रा लागते, हे तिथल्या डॉक्टरांना शिकवावं लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एका पानाची मराठी तपासणी-यादी द्या : कुणाला द्यायचं, कुणाला अजिबात नाही, कधी वर पाठवायचं. ती वाचून कुणी प्रत्येकीला हार्मोन देऊ लागेल असं मला वाटत नाही. उलट ज्यांना देऊ नये त्या आधी गळतील.

औषध घ्यायचं की नाही हे शेवटी बाईने ठरवायचं आहे, आणि त्यासाठी तिला आकडे तिच्या भाषेत सांगावे लागतात. त्या चौतीस वर्षांच्या बाईला मी समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. तिने विचारलं, ‘किती साल घ्यावी लागंल?’ आणि मग, ‘कारखान्यावर संपली तर कुठं मिळंल?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं आपल्या खात्याने द्यायचं आहे.

दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. त्याआधी बीडमध्ये ऊसतोड महिलांची जी आरोग्य तपासणी होते, तिच्यात या वर्षीच गर्भाशय आणि अंडाशयाची नोंद, रक्तदाब आणि गरज असेल तिथे एफएसएच घ्यावी. ज्यांना औषध सुरू होईल त्यांना सहा महिन्यांच्या गोळ्या आणि कुठल्याही जिल्ह्यात चालेल असं कार्ड हातात देऊनच पाठवावं. तपासणीची तारीख ठरली की मला आणि आमच्या भागातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा, आम्ही विनामोबदला येऊ.

आपली नम्र,
मराठवाड्यातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ